अप्पांनी हुकवलेलं बारसं

ईट गावच्या महादूअप्पांनी मला फसवलं. खिलार बैलांची जोडी दाखवतो म्हणून कळंबच्या बाजारातून मला ईटला नेलं. जोडी नव्हतीच. आणि तिकडं माझ्या पहिल्या नातीचं बारसं माझ्याविना झालं. शेळ्या हाकत मी या बाजारात शिरलो आणि बैलांचा व्यापारी झालो. म्हातारा बैल तरणा म्हणून मला आजवर कुणी विकू शकलेला नाही. पण या दलालानं मला नसलेले बैल दाखवले.

बाजारात बैलाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. टॉवेलाखाली हात घालायचे, बोटं दाबायची, भाव ठरतो. अप्पा मात्र आधी समोरच्याचं नाक बघतात. नाक ओलं दिसलं की हात मागं. मग हमखास प्रश्न, "घरात तान्हं हाय का?" अप्पा बैलाचे दात बघतात आन् गिऱ्हाइकाचं नाक, असं सगळा बाजार म्हणतो. धोतराच्या सोग्यात कायम साबणाची वडी. एकदा भूमला एका बारशात यांनी बाळाच्या सख्ख्या मामाला शिंकतो म्हणून दारातच बसवलं. मामा न जेवता निघून गेला. लोक अप्पांवर चिडले, तर हे म्हणाले, "रुसलेला मामा परत येतोय की."

त्या दिवशी बाजारात मी शिंकलो. तान्हं हाय का, असं अप्पांनी विचारलं. मी फुशारकीनं सांगितलं, नात झालीय, परवा बारसं. अप्पांचा चेहरा उतरला. पण लगेच म्हणाले, ईटला अशी जोडी आलीय की बघत राहाल, आणि मालकाला ती तुम्हालाच द्यायचीय. माझ्यासारखा माणूस जीपमध्ये बसला.

ईटला पोचलो तर मालक भूमला गेलेला. दुसऱ्या दिवशी तो कळंबला गेलेला. अप्पा एकटेच राहतात. स्वतः भाकरी थापून मला वाढायचे, सुंठीचा काढा पाजायचे आणि लांब बसायचे. शेवटी जोडी जिथं बांधलीय म्हणत होते त्या गोठ्यात मी शिरलो. गोठा रिकामा. मी अप्पांचा उभा पाणउतारा केला, वयाचाही मुलाहिजा ठेवला नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला आणलं कशाला?" मी विचारलं.

"तुमची सर्दी घरी जाऊ ने म्हणून."

मग त्यांनी सांगितलं. लेक बाळंतपणाला आली होती. नातू झाला. अप्पा नाक ओढत बाजारातून आले आणि हातपाय न धुता त्याला उचललं, मुके घेतले. थोड्याच दिवसांत लेकरू दूध ओढेना. श्वास घेताना बरगड्या आत जायच्या. धाराशिवच्या दवाखान्यात नेलं. ते परत आलं नाही. तिथल्या डॉक्टरांनी विषाणूचं नाव सांगितलं, आरएसव्ही.

"साऱ्या जगात हाय म्हणले," अप्पा हळू बोलत होते. "दोन वर्षांचं होईस्तोवर जवळपास एकबी लेकरू त्यातनं सुटत न्हाय. गोऱ्याचं न्हाय, राजाचं न्हाय. लई जणांचं नुसतं नाक वाहतं. आन् एखाद्याचं... शेठ, एवढं मोठं हाय ते. आन् आपुन त्याला सर्दी म्हणतो."

अप्पांनी सोग्यातली साबणाची वडी चाचपली.

"म्या इचारलं, म्याच आणली का? डॉक्टर म्हणले, कुणी आणली ते सांगता येत न्हाय. तुमची न्हवती, असं बी म्हणले न्हाईत."

लेक त्यानंतर माहेरी आलेली नाही.

मी गव्हाणीवर बसून राहिलो. आयुष्यभर शिंकत आलो, आणि माझ्या शिंकेतून जे निघतं त्याला जगातल्या प्रत्येक पाळण्याचा रस्ता माहीत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. नाक कोरडं होईपर्यंत मी ईटलाच राहिलो. रागावूनच राहिलो.

बारसं फोनवर बघितलं. बायकांनी पाळणा म्हटला, आत्यानं कानात कुर्र केलं, नाव ठेवलं ओवी. मी अप्पांना जवळ बोलावलं. ते आले, आणि फोनमधल्या बाळाकडं बघण्याआधी त्यांनी तोंडावर टॉवेल धरला.

"अप्पा, फोनातनं जात न्हाय ते."

"व्हय," ते टॉवेलाआडून म्हणाले, "पर लई बारीक हाय ओ ती."

कळंबला परतल्यावर आमच्या डॉक्टरांना विचारलं. सगळं खरं निघालं. जगात दर वर्षी लाखभर लेकरं यात जातात, म्हणाले, आणि त्यातली जवळजवळ सगळी गरीब देशांतली. श्रीमंत देशांत गरोदर बाईला लस देतात, नाहीतर जन्मल्याबरोबर बाळाला इंजेक्शन.

म्हणजे माल आहे. गरज तर प्रत्येक घरात आहे. माझा सगळा जन्म सौद्यात गेला, आणि माल असून, गरज असून सौदा होत नाही तेव्हा मध्ये कुणीतरी बसलेला असतो. अप्पांशी माझं भांडण आहेच, ते मी बघून घेईन. पण ते इंजेक्शन अजून ईटला का पोचलं नाही, हे मला विचारायचंय. ज्याचं हे काम आहे त्यानं अप्पांच्या दारात यावं, त्यांच्या लेकीलाही बोलवावं, आणि दोघांसमोर उत्तर द्यावं.