लग्न खरं असल्याची तपासणी

लग्न खरं आहे की खोटं, हे नवरा-बायकोला नीटसं कळत नाही. म्हणून सरकारला त्यासाठी वेगळं खातं ठेवावं लागतं.

त्या खात्यात परदेशी जावई तीन मजले चढून गेला. (लिफ्ट बंद होती. लिफ्ट दुरुस्त करणं हाच त्याचा धंदा. पण कायमचा रहिवासी नसलेल्याने सरकारी लिफ्टला हात लावायचा नसतो.) शुक्रवारी इथे राहायचा परवाना संपत होता. आज शिक्का नाही, तर शनिवारी विमान.

तयारी मात्र चोख होती. महिनाभर बायको भांडी घासता घासता त्याची उजळणी घेत होती: चपलेचा नंबर, घोरण्याची कूस, टूथब्रशचा रंग, सासूबाईंच्या गोळ्या. खात्याच्या अधिकारीणबाईंनी दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारले. सगळी उत्तरं जुळली.

अधिकारीणबाई गंभीर झाल्या.

"बावीस वर्षं नोकरी झाली माझी. बायकोच्या चपलेचा नंबर सांगणारा खरा नवरा अजून बघितला नाही."

आकडेवारीही त्यांच्याच बाजूची होती. खऱ्या नवऱ्यांपैकी शेकडा नव्वद लग्नाच्या तारखेलाच अडखळतात. (उरलेले दहा सासऱ्याला फोन करू का, म्हणून विचारतात.) शंभर टक्के बरोबर येतात ते फक्त बनावट. अर्ज नामंजूर.

बायकोला आत बोलावून निर्णय ऐकवला, तशी ती नवऱ्यावरच उखडली.

"तरी सांगत होते, दोन-चार चुकव! पण नाही, ह्याला पहिला नंबर हवा!"

"तूच घोकून घेतलंस ना?"

"मी? आणि भाजीला पाठवलं की मग काय विसरतोस रे? तेव्हा कुठे जाते ही अक्कल?"

"चिठ्ठी तूच विसरतेस द्यायला! विचार आईंना!"

बाहेरच्या बाकावरून सासूबाईंनी दारात डोकं घातलं. "मला मध्ये घेऊ नका. पण चूक ह्यांचीच. आणि ओला टॉवेल गादीवर टाकतात, तेही लिहून घ्या बाई."

अधिकारीणबाईंचा चेहरा निवळला. त्यांनी शेरा मारला: 'संसार प्रत्यक्ष पाहिला.' आणि शिक्का उठवला.

जिन्यात आनंदाने दोघांनी एकमेकांचा हात धरला.

"सोडा आधी!" सासूबाई दबक्या आवाजात ओरडल्या. "कॅमेरा आहे वर!"

वाचकांनी उगाच धास्ती घेऊ नये. नवरा-बायको दोघंही इथलेच असले, तर तपासायची पद्धत नाही; लग्न खरं आहे असं धरून चालतात. तुमचंही तसंच चाललंय.