कुरोदा-सानांच्या आजोबांचं पदक

हेमचंद्र ऑफिसातून आला, दाराशी वाकून बूट काढू लागला आणि देव्हाऱ्याकडे नजर जाताच एक बूट पायात, एक हातात असा तिथेच थांबला. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण यांच्या मधोमध, हळदकुंकू लावून, डोक्यावर शेवंतीची पाकळी घेऊन एक पदक विराजमान झालं होतं. आणि ते लखलखत होतं.

“आई,” तो घसा साफ करत म्हणाला, “हे पदक सकाळी काळं होतं ना?”

“होतं की! नुसती काजळी धरली होती,” सासूबाई प्रभावतीबाई उत्साहाने म्हणाल्या. “म्हटलं, दिवाळीच्या दिवसांत चांदी अशी कशी ठेवायची घरात? चिंच आणि मीठ लावून जुन्या ब्रशनं कानाकोपरा घासला. बघा बरं, आता कसं दिसतंय!”

“छान दिसतंय,” हेमचंद्र म्हणाला. सासू पुण्याची असली आणि जावई योकोहामात राहत असला, तरी जावयाला सासूवर ओरडता येत नाही. तो स्वयंपाकघरात जाऊन गटागटा पाणी प्यायला आणि त्याने हताशपणे बायकोकडे पाहिलं.

“जयंती, आईंनी पदकाच्या वयाचा पुरावाच घासून टाकला गं!”

पदक हेमचंद्रचं नव्हतं, त्याचे साहेब कुरोदा-सान यांच्या घरचं होतं. हेमचंद्र एका बँकेच्या सॉफ्टवेअरसाठी जपानात आला आणि इथे त्याला जुन्या पदकांचा नाद लागला. नाद म्हणजे सगळा इंटरनेटवरचा. कोणतं पदक कोणत्या काळात कशाचं बनवत, कडी कधी बदलली, रिबिनीचे पट्टे कधी बदलले, हे तो जेवणाच्या सुट्टीत इतक्या ठामपणे सांगायचा की ऑफिसात सगळे त्याला ‘सेन्सेइ’, म्हणजे गुरुजी, म्हणू लागले. प्रत्यक्षात एकही पदक त्याने कधी हातात धरलं नव्हतं. पण हे कोणी विचारलं नाही आणि त्यानेही कोणाला सांगितलं नाही.

मग एके दिवशी कुरोदा-सानांनी घरच्या देव्हाऱ्यातलं हे रेड क्रॉसचं पदक लाकडी पेटीतून आणून त्याच्यापुढे ठेवलं. रशियाशी लढाई झाली तेव्हा आजोबा रेड क्रॉसमध्ये होते म्हणे. पुढच्या महिन्यात आजोबांचं पन्नासावं श्राद्ध होतं आणि कुरोदा-सानांना सगळ्या नातेवाइकांपुढे भाषण करायचं होतं. “मिळाल्याचं साल तेवढं सांगा, हेम-सान.” पदकाच्या मागे कोरलेलं साल हे पदक सुरू झाल्याचं, मिळाल्याचं नव्हे, असं तिथल्या तिथे सांगून सेन्सेइंनी भाव खाल्ला आणि पदक घरी आणलं. हेमचंद्रला अजून एक वर्ष जपानात ठेवायचं की परत पाठवायचं, हेही याच महिन्यात कुरोदा-सानच ठरवणार होते. जयंतीला इथे नुकतीच मनासारखी नोकरी लागली होती. परत जायचं नाव काढलं तरी तिच्या डोळ्यांत पाणी येई.

“निदान रिबीन तरी आहे ना जुनी?” हेमचंद्रने बाहेर येऊन विचारलं.

“हात लावल्याबरोबर चुरा झाली हो,” प्रभावतीबाई म्हणाल्या. “मी नवी लावली. माझ्या खणाचा काठ आहे, शुभ असतो.”

“अहो, एक सांगायचं राहिलं,” जयंती चाचरत म्हणाली. “कुरोदा-सानांचा फोन आला होता. मी त्यांना उद्या फराळाला बोलावलंय. त्यांच्या आईपण येणारेत.”

हेमचंद्रने कॉम्प्युटर उघडला. इंटरनेटने लावलेली आग इंटरनेटनेच विझवायची होती. चांदी उकडलेल्या अंड्यांबरोबर बंद पिशवीत ठेवली की काळी पडते, असं एकाने खात्रीने लिहिलं होतं. हेमचंद्र खालच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात गेला, तयार उकडलेली अंडी घेऊन आला, कुस्करली, पदक त्यात पुरलं आणि पिशवी वॉशिंग मशीनमागे दडवली.

सकाळी प्रभावतीबाईंनी नाकाला पदर लावून ती पिशवी बाहेर ओढली.

“हेमचंद्रराव! दिवाळीत घरात अंडी? आणि तीही देव्हाऱ्यातल्या चांदीबरोबर?”

“आई, ते त्यांच्या ऑफिसचं काम आहे,” जयंती म्हणाली. याहून बरं तिला काही सुचलं नाही.

हेमचंद्रने पदक धुतलं. ते कालच्यापेक्षाही स्वच्छ निघालं. डागसुद्धा नव्हता. त्याने ते तळहातावर घेतलं आणि पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की ते बटणाइतकं हलकं आहे. वेबसाइटवर वजन कळत नाही.

“जयंती, ही चांदी नाहीच! अ‍ॅल्युमिनियम आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराला अशी निघू लागली. ती काजळी म्हणजे कुरोदा-सानांच्या देव्हाऱ्यातल्या उदबत्त्यांचा धूर असणार. आजोबांची लढाई तर याच्या कितीतरी आधीची!”

“म्हणजे पदक बिघडवलं हेही सांगायचं, आणि आजोबांचं नव्हतंच हेही?”

“आधी कुठलं सांगू?”

तेवढ्यात बेल वाजली. प्रभावतीबाईंनी जावयाच्या हातून पदक काढून घेतलं, त्यावर गंगाजल शिंपडलं आणि पुन्हा देव्हाऱ्यात नेऊन बसवलं.

कुरोदा-सानांची आई ऐंशीच्या पुढची, एवढीशी बाई होती. हेमचंद्र कमरेत वाकून माफीची पहिली दोन वाक्यं बोलतो न बोलतो तोच ती देव्हाऱ्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि पदकाकडे बघत राहिली. मग जपानीत काहीतरी विचारलं.

“आई, त्या विचारतायत, ही रिबीन अशी कोणी बांधली?” जयंतीने सांगितलं.

“मीच. जुनी अशीच होती, वेणीच्या रिबिनीचं फूल करतात ना, तशी. म्हणून मीही फूलच केलं.”

हेमचंद्र दचकला. रिबिनीचं फूल फक्त बायकांच्या पदकाला असतं, हे तो ऑफिसात कितीदा सांगून चुकला होता. पेटीतली जुनी रिबीन चुरा होईल या भीतीने त्याने ती कधी नीट पाहिलीच नव्हती. त्याने बोलायला तोंड उघडलं, पण म्हातारी आधी बोलली.

“हे माझं आहे.”

मग तिने सगळं सांगितलं. लग्नाआधी ती रेड क्रॉसची सभासद होती. पदक माहेरून आणलं होतं. सासरे गेले तेव्हा कोणीतरी तिच्या कपाटाच्या खणातून ते उचललं आणि त्यांच्या फोटोपुढे ठेवलं. पाहुणे सासऱ्यांचं कौतुक करू लागले. “मी सून होते,” ती म्हणाली. “काय बोलणार?”

जयंतीने हे मराठीत सांगताच प्रभावतीबाईंनी म्हातारीचा हात घट्ट धरला. “अगं बाई! आणि इतकी वर्षं त्याला उदबत्ती कोण लावत होतं? हीच ना?” त्यांचे डोळे भरून आले.

कुरोदा-सानांनी कपाळावरचा घाम पुसला. “आई, मग श्राद्धाला मी भाषणात काय सांगू?”

“खरं सांग. नाहीतर मी उठून सांगेन.”

मग म्हातारीने पदक उचललं, हळदकुंकवासकट स्वेटरवर लावलं, आणि चकली मागून घेतली. ती कशी करतात हे दोघी एकमेकींना हातवाऱ्यांनी समजावत बसल्या. त्यांना जयंतीचीही गरज पडेना.

निघताना कुरोदा-सान दाराशी बूट घालत होते. हेमचंद्रने एका दमात चिंच, मीठ, अंडी, सगळं कबूल केलं आणि शिक्षेची वाट बघत उभा राहिला.

“हेम-सान,” कुरोदा-सान हळू आवाजात म्हणाले, “आई पुढच्या दिवाळीलाही येणार म्हणते. प्रभावती-सानांनाही बोलावून घ्या म्हणते. माझ्या घरी आजपासून कोणाचं चालणार, ते तुम्ही पाहिलंतच.” त्यांनी मागे वळून पाहिलं. “तुमचं वर्ष मी वाढवतो. फक्त वर कळवायला कारण हवं, आणि ‘आईची इच्छा’ असं मला कळवता येणार नाही. तेवढं काहीतरी सुचवा.”