गुरुजींच्या खडूची मोजणी

हातात खडू नसला की सॅमसन गुरुजींना चैन पडत नसे, आणि निवृत्तीनंतर लिहायला फळाच उरला नव्हता. त्यामुळे पाथर्डीच्या पेठेत 'नो पार्किंग' होणार अशी बातमी आली, तेव्हा त्यांच्या बायकोनं, एस्तेरबाईंनी, कपाळाला हात लावला आणि गुरुजींच्या अंगात वारं शिरलं.

एस्तेरबाईंचं मॅचिंग सेंटर होतं पेठेच्या मधोमध. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून आलेली बाई दुकानासमोर उतरली तरच ब्लाऊजपीस घेणार. लांब उतरली तर वाटेतल्या दुसऱ्याच दुकानात शिरणार. बाजाराच्या दिवशी नगरपालिकेचे हर्षल साहेब पाहणीला यायचे होते. गिऱ्हाइकांच्या गाड्या इथं खरंच लागतात असं दिसलं, तर पांढरे पट्टे मारून जागा देणार. नाहीतर पाटी ठोकणार.

"साहेबांना अंदाज मी काढून देतो," गुरुजी म्हणाले. "अगदी शास्त्रशुद्ध!"

"अहो, तुमी फक्त गप बसा." (हा सल्ला एस्तेरबाई लग्नापासून देत आल्या आहेत.)

शास्त्र साधं होतं. उभ्या गाडीच्या टायरवर खडूची खूण करायची. गाडी लवकर गेली तर ते गिऱ्हाईक. दिवसभर हललीच नाही तर तो जागा अडवणारा. बाजाराच्या सकाळी गुरुजींनी हात बसावा म्हणून पहिली खूण दुकानासमोर लावलेल्या आपल्याच स्कूटरच्या टायरवर केली आणि ते जोशात पुढे निघाले.

एक गोष्ट मात्र ते विसरले. नोकरीभर त्यांनी शिकवण्याच्या जोडीला माणसं मोजली, मतदार मोजले, शेळ्या मोजल्या, संडाससुद्धा मोजले. गुरुजी मोजायला लागले म्हणजे सरकार काहीतरी देणार, हे सगळ्या तालुक्याला पाठ झालं होतं.

"गुरुजी, काय मिळनार हाय?" कांद्याचा टेम्पो घेऊन आलेल्या गोरक्षनाथनं विचारलं.

"काही नाही रे. नुसता अंदाज."

"नुसता?" गोरक्षनाथनं डोळा मारला. "म्हंजे लई मोठं दिसतंय!" आणि त्यानं भावाला फोन लावला. "अजिनाथ, टॅक्टर घिऊन ये. का म्हनून इचारू नको!"

मग काय विचारता! ट्रॅक्टर आले, जीपा आल्या, मळणीयंत्र आलं. दगडाबाईंनी तर ऊसतोडीची टायरगाडी बैलांशिवायच, दोन सुनांकडून ढकलवत आणली.

"दगडाबाई, तुम्ही गिऱ्हाईक आहात का?"

"तुमी म्हनाल ते हाय! पन माजी दोनी चाकं मोजा."

गुरुजी आनंदानं नुसते नाचत होते. एवढी गर्दी पेठेनं जत्रेतही पाहिली नव्हती. आपली जीप स्टँडवर सोडून हर्षल साहेब घामाघूम होत पोचले.

"साहेब, अंदाजाच्या बाहेर!" गुरुजी ओरडले.

"अहो, चालायला वाट नाही! आजच पाटी ठोकतो."

एस्तेरबाईंचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. त्या स्टुलावर चढल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ऐका हो! खडूची खून असलेल्या गाडीला कर लागनार हाय!"

चहा निवायच्या आत पेठ रिकामी झाली. दगडाबाईंची टायरगाडी सगळ्यांच्या पुढे होती.

मग मोकळ्या रस्त्यानं खरी गिऱ्हाइकं आली. मोटारसायकल थांबे, बाई उतरे, अस्तर-ब्लाऊजपीस घेई आणि जाई. साहेब संध्याकाळपर्यंत बघत बसले आणि खूश झाले.

"पट्टे मारतो, बाई. फक्त ती एक गाडी हलवा. दिवसभर गिऱ्हाइकाची जागा अडवून उभी आहे."

गुरुजींनी तावातावानं वाकून टायर पाहिलं. सकाळची खूण जशीच्या तशी होती.

"साहेब, दुकान काढल्यापासून रोज तिथंच हाय ती," एस्तेरबाई म्हणाल्या. "आज कुनीतरी मोजली म्हनून बरं झालं."

आता स्कूटर चर्चच्या आवारात असते आणि गुरुजी पायी येतात. पट्टे आपल्या अंदाजामुळेच पडले, असं ते दिवसभर काउंटरला टेकून प्रत्येकाला सांगतात. एस्तेरबाई वाद घालत नाहीत. गुरुजी आले, की त्या वाकून त्यांच्या चपलेवर खडूची एक रेघ मारतात.