साळवे सरांचं लाल पाणी

साळवे सर समोरच्याचं मनगट धरल्याशिवाय बोलत नाहीत. एकदा धरलं की विचारणारच, "सांगा बरं, साखर कुठं असती?" आता माजलगावात हा काय प्रश्न झाला? इथं शेंबडं पोरसुद्धा कारखान्याकडं बोट दाखवतं.

"चूक! तुमच्या पेशीच्या अंगावर असती. कॅन्सर झाला की तीच साखर बदलती. ती वळखायची, बास."

लग्नाची पंगत असो, दहावा असो, एसटीची रांग असो, हेच. गेल्या वर्षी याच संशोधनासाठी त्यांचा सत्कार झाला. एका पुढाऱ्यानं भाषण ठोकलं, "सरांनी साखरेत नाव काढलं, आता आपल्या कारखान्याचा साखर-उतारा वाढलाच समजा!" टाळ्या पडल्या. सर शाल सावरत उतरले आणि थेट त्या पुढाऱ्याचंच मनगट धरलं. बिचाऱ्याची गाडी बाहेर अर्धा तास चालूच होती.

सर शिकवतात त्याच कॉलेजात मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय. मला शाल सोडा, कुणी साधा रुमाल दिला नाही. खोटं कशाला बोलू, मी लई जळायचो. त्यात आमची ही वरण वाढता वाढता म्हणायची, "साळवे सरांचं बघा. न्हाईतर तुमी." मग ते वरण काही घशाखाली उतरायचं नाही.

म्हणून तास संपला की मी रोज त्यांच्या प्रयोगशाळेत जाऊन बसायचो. चुका शोधायला, दुसरं काय! सर उकळत्या पाण्यात सोन्याचा क्षार टाकायचे, वरून थोडं सायट्रेट, की पाणी हळूहळू डाळिंबाच्या रसासारखं लाल व्हायचं. त्यात सोन्याचे कण, डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्यावर एक प्रथिन चढवायचं. ते प्रथिन कॅन्सरच्या पेशीवरची साखर बरोबर ओळखतं आणि तिला जाऊन धरतं. "कुसळ कसं धोतर धरतं, तसं," सर म्हणायचे. चूक काही सापडायची नाही. उलट सगळं समजायला लागलं, आणि मी आणखीच जळायला लागलो.

मग पुण्याच्या एका संस्थेतून दोघं जण यायचं ठरलं. कण पसंत पडले तर तिकडं खऱ्या पेशींवर तपासून बघणार होते. सरांची आठ वर्षांची खटपट लाल पाण्याच्या एका बाटलीत होती. आदल्या दुपारी त्यांना नेकनूरला बहिणीकडं जावं लागलं. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. "तुमी हाय म्हणून बिनघोर जातो."

बिनघोर! ते गेले आणि मी फळीवरची मिठाची बाटली काढली. प्रथिन अजून न चढवलेल्या या कोऱ्या कणांना मीठ लागलं की ते एकमेकांना चिकटतात आणि कामातून जातात, हे मला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याकडूनच शिकलो होतो. चिमूटभर टाकलं. लाल पाणी बघता बघता निळंकाळं पडलं. मला वाटलं होतं, गार वाटेल. पण मीच बाटली हलवत बसलो, पाणी पुन्हा लाल होतंय का बघत.

सकाळी सरांनी बाटली उजेडात धरली. मग माझ्याकडं पाहिलं. किल्ली माझ्याच खिशात होती.

पाहुणे आले तेव्हा प्राचार्यांसमोर सर म्हणाले, "माझीच चूक. भांडं नीट धुतलं न्हवतं." तीन-तीनदा ॲसिडनं भांडं धुणारा माणूस हा! पुण्याचा एक जण हसून म्हणाला, "अहो, ही तर पहिलीच पायरी, तीच चुकली?" चहा पिऊन दोघंही गेले. पुन्हा कधी येणार, ते काही बोलले नाहीत.

संध्याकाळी मला राहवेना. प्रयोगशाळेत गेलो आणि दारातूनच बोललो, "सर, मीठ मी टाकलं."

"ठावं हाय."

"मग माझं नाव कावून घेतलं न्हाई?"

सर बाकावर बसले. माझं मनगट धरलं.

"सत्काराला सगळं गाव आलतं. पण हे पाणी बघायला आठ वर्षांत कुनी आलं न्हाई. जळायला का हुईना, रोज येनारे तुमी एकटेच. तुमचं नाव घेतलं असतं, तर उद्या मी कुनाची वाट बघायची?"