जवावरची गोधडी

तिरोडकर पातेल्यातल्या भिजल्या जवाला गोधडी पांघरत असे आणि पुढचा तासभर खोलीत कुणाला मोठ्याने बोलू देत नसे. हे दारुड्याचे चाळे होते, असे बर्वे अजूनही चारचौघांत सांगतात. बर्वे राहत कुवेत शहराबाहेर खैतानला. आमच्याकडे गोदीजवळच्या शर्क वस्तीत येत ते महिन्यातल्या एखाद्या शुक्रवारी, फुकटची बिअर प्यायला. मी त्या खोलीत तिरोडकरच्या शेजारच्या खाटेवर नऊ वर्षे काढली आहेत.

तिरोडकर मूळचा वेंगुर्ल्याचा, गोदीवर फिटर. जव तो जनावरांच्या चाऱ्याच्या दुकानातून आणी. दुकानदार दर वेळी त्याच्या नसलेल्या गाढवाची प्रकृती विचारी. हा गंभीरपणे 'अलहमदुलिल्लाह' म्हणून गोणी खांद्यावर घेई.

"तिरोडकर, तुजा गाढव लय खातो हां," आमच्या खोलीतले रत्नागिरीचे हसनभाई म्हणत. बिअरला त्यांनी कधी बोट लावले नाही. त्या तासात कुजबुजत मात्र तेही.

जवाला मोड आणून तिरोडकर ते गच्चीवर वाळवी, जाडसर भरडी आणि गरम पाण्यात कालवी. पाणी उकळते नको, दाण्यातली गोडी मरते, हा त्याचा हट्ट. मग झाकण, आणि झाकणासकट ती हातभर गोधडी. "दाणो निजलो हा. हळू बोला." तासाने गोड झालेले पाणी गाळून त्यातले वाटीभर तो पिई. पुढे पिंपात आंबून त्याची बिअर झाली की एक थेंब घेत नसे. असा हा बर्व्यांचा दारुडा.

दारूबंदी कडक झाली, तेव्हा तो पिंपाला मिठी मारून रडला, ही बर्व्यांची दुसरी थाप. त्याने उरलेले जव शांतपणे दुकानदाराला परत केले आणि गाढव मेल्याचे सांगितले. दुकानदाराने हळहळून त्याला जवळ बसवले, चहा पाजला.

गोधडी त्याच्या मुलीची. मुलगी त्याने पाहिलीच नाही. रजा मिळण्याआधीच ती तान्हेपणी गेली. ते कळवणारे पत्र मी वाचून दाखवले होते, आणि सोबत बायकोने पाठवलेले गोधडीचे गाठोडेही मीच सोडले होते. तेव्हा त्याला चहा विचारण्याचेही आम्हांला सुचले नाही.

बंदीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी त्याने पातेल्यात नुसतेच गरम पाणी ओतले, झाकण ठेवले, गोधडी गुंडाळली आणि तिच्यावर तळहात ठेवून बसून राहिला. तेवढ्यात बर्वे आले. दारातूनच हसत म्हणाले, "काय रे, आता आत काय निजलंय?"

हसनभाई उठून दारापाशी गेले.

"बर्वेसाहेब," ते म्हणाले, "हळू बोला."