वरातीत गेलेला हवाई दलाचा कोट

दुसऱ्या महायुद्धातला हवाई दलाचा अस्सल गणवेश बघायचा असेल, तर अख्ख्या खानदेशाला धुळ्यात, देवपूरला, माझ्याच घरी यावं लागेल! लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात. मी वैमानिकांचे कपडे जमवतो. जुने बाजार आणि भंगाराची दुकानं पालथी घालून दोन टोप्या, एक ओव्हरकोट आणि एक निळा-करडा लोकरी कोट मिळवला. त्या कोटाला राजमुकुटाची पितळी बटणं, छातीवर पंख! पाटबंधारे खात्यातल्या कारकुनाच्या घरी हे वैभव! आमच्या कलाबाई या कोटाला ‘डांबरगोळ्या खाणारी सवत’ म्हणतात, ते सोडा.

सत्त्याऐंशीच्या एप्रिलात नाशिकचे निवृत्त विंग कमांडर बन्सीलालसाहेब यायचं ठरलं. त्यांच्याकडे थोरल्या भावाची, युद्धात वापरलेली चामडी टोपी होती.

“संग्रह पाहतो,” ते फोनवर म्हणाले होते. “नीट जपणारा माणूस वाटलात, तर टोपी तुमची.”

मी हवेतच! पण कोटाचं अस्तर उसवलेलं. तो हबीबभाई टेलरकडे टाकला आणि रविवारी सकाळी कागदात बांधलेलं गाठोडं घेऊन आलो.

“अहो, उघडून तरी बघा,” कलाबाई म्हणाल्या.

“उगाच हवा लागते कापडाला! तुला नाही कळायचं.”

साहेब आले. खादीचा शर्ट, पांढऱ्या मिशा, मांडीवर पिशवी. पिशवीत टोपी! मी गाठोड्यावर हात ठेवून भाषण ठोकलं. “साहेब, हा कोट ढगांतून गेलाय. गोळ्यांच्या वर्षावातून गेलाय!” आणि सुतळी सोडली.

आतून निघाला जांभळा कोट. खांद्यावर सोनेरी झालर, पाठीवर चमकीची अक्षरं : मोतीलाल ब्रास बँड!

साहेबांनी शांतपणे चष्मा लावला. “हे कुठलं स्क्वाड्रन?”

कलाबाई पदर तोंडात कोंबून स्वयंपाकघरात पळाल्या.

मी लुना काढली. साहेब म्हणाले, “मीही येतो.” विमानं उडवलेला माणूस माझ्या लुनावर मागे बसला आणि चढ आला की पायानं रेटाही देऊ लागला!

हबीबभाईंनी कपाळावर हात मारला. “या अल्ला! यादवभाई, निळावाला मोतीलाल मास्तर ले गये! मला वाटलं, नव्या झांजवाल्याचा आहे.”

“आता कुठं आहेत ते?”

“वरातीत! पांझरेच्या पुलाकडे!”

पुलाजवळ वरात जोरात होती. घोड्यावर नवरदेव, मागे बँड आणि शेवटच्या रांगेत माझा कोट! त्यात पुना नावाचा झांजवाला उन्हात बटाट्यासारखा उकडत होता. मी धावलो. “अरे, काढ तो कोट!”

त्यानं माझ्याकडे देवमाणूस भेटल्यासारखं पाहिलं. “भाऊ, हाऊ कोट शे का शेगडी?” म्हणत त्यानं कोट माझ्या अंगावर फेकला, झांजा रस्त्यावर ठेवल्या आणि तो जो निंबाच्या सावलीला जाऊन आडवा झाला, तो झालाच!

कोट हातात धरावा तर गर्दीत चुरगळणार. म्हणून मी तो अंगात घातला. तिथं फसलो!

मोतीलाल मास्तरांनी मागे वळून पाहिलं. “ए, बघतो काय? झांजा उचल!”

“मास्तर, मी सरकारी नोकर आहे!”

“मग संप नंतर कर!”

मी साहेबांकडे आशेनं पाहिलं. साहेब म्हणाले, “हुकूम झालाय. वाजवा.”

नवरदेवाचे काका झुलालनाना फेटा उडवत नाचत आले. “वाजाड रे भाऊ, वाजाड!” मी एक टोला दिला. नाना खूश! दुसरा दिला. करवल्या खूश! मग काय झालं कोण जाणे, मांडव येईपर्यंत मी थांबलोच नाही. आमच्या ऑफिसातले तोताराम अण्णा वऱ्हाडात होते. त्यांनी ओळखून चक्क सलाम ठोकला.

मांडवात साहेब रुमालानं डोळे पुसत होते. हसून हसून पाणी आलं होतं.

“यादवराव, हे कपडे घालणारी खूप माणसं पाहिली. इतकं खुशीत कुणी नव्हतं.”

मी धापा टाकत पिशवीकडे पाहिलं. “मग... टोपी?”

“टोपी मी परत नेतो. पुढच्या लग्नात सनईवाल्याच्या डोक्यावर बघायची हिंमत नाही माझी!”

साहेब संध्याकाळच्या एसटीनं गेले, टोपीही गेली. पुढचा आठवडा मी कोटाच्याच सेवेत घालवला. कोट वाळवला, बटणं घासली, कपाटाला नवं कुलूप आणलं.

तेवढ्यात तोताराम अण्णांकडून पत्ता घेऊन एक फेटेवाले आबा दारात उभे. “बाई, झांजवाला आठेच ऱ्हास ना? मना पोऱ्यानं लगीन शे. आमले तोच पाहिजे!”

मी आतून जोरजोरात हातानं ‘नाही, नाही’ करत होतो. कलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे.

“राहतात ना! तारीख सांगा, म्हणजे रजा टाकायला बरं.”

मी गेलो की नाही, ते विचारू नका. पंगतीतलं वांग्याचं भरीत मात्र फार छान होतं.