कादरभाई आणि कोकलणारी पेटी

कुकरची शिट्टी झाली की कादरभाई कुकरला उत्तर देत. "ऐकू आलं ना बे! बहिरा आहो का मी?" बडनेऱ्याच्या रेल्वे फाटकाची घंटा वाजली, की स्कूटरवर बसल्या बसल्या तिच्याशीही भांडत. वाजणारी कुठलीही वस्तू त्यांना वैरी वाटे. आणि हा माणूस पेशानं वैमानिक होता.

त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात कापसाचे भाव पाडणारे पुष्कळ होते, पाऊस पाडणारं कोणी नव्हतं. म्हणून सरकारनं एका कंपनीला पावसाचं कंत्राट दिलं आणि अमरावतीच्या धावपट्टीवर एक छोटं विमान आलं. कादरभाई ते चालवत. मी शेजारी बसून, ढग दिसला की पंखाखालच्या मिठाच्या नळकांड्या पेटवायच्या. ढग बहुधा दिसत नसे. मग मी पगारी डुलक्या घेई.

पुढं कंपनीनं विमानात वाट दाखवणारी नवी पेटी बसवली. उपग्रह हरवला की ती टुंक-टुंक करी, बॅटरी उतरली तरी टुंक-टुंक, आणि समोर डोंगर आला तरी तेच टुंक-टुंक. नेमकं काय झालं ते खाली बारीक अक्षरांत उमटे. म्हणजे डोंगर अंगावर येत असताना माणसानं मान खाली घालून वाचन करावं, अशी उत्तम सोय होती. ती शिकवायला मुंबईचे साहेब आले. "यानं वैमानिकाचा ताण कमी होतो," असं सांगून ते रेल्वेनं परत गेले.

"पेटी नाही बाप्पा, सासू आहे," कादरभाई म्हणत. "भाजीत मीठ कमी पडलं तरी बोंबलते, अन् घर पेटलं तरी तेवढंच बोंबलते." स्वतः त्यांनी लग्नच केलं नव्हतं, त्यामुळे सासूचा हा अनुभव त्यांनी कुठून आणला कोण जाणे.

एकदा आम्ही उतरत होतो आणि पेटी कोकलायला लागली. "आता काहून रडून राहिली?" म्हणत कादरभाई खाली वाकून वाचू लागले. वाचून मान वर करतात तो धावपट्टीवर रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा कळप! कसंबसं विमान वर उचललं. मी डोळे मिटून कौंडण्यपूरला नवस बोलून मोकळा झालो. पेटीची तक्रार रोह्यांबद्दल नव्हतीच, तिचा उपग्रह हरवला होता.

दुसऱ्या दिवशी कादरभाईंनी पेटीच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबला आणि वर चिकटपट्टी मारली. वऱ्हाडी कापसाला त्या वर्षी मिळालेला तेवढाच उठाव.

पण पेटी मुकी झाली तरी चुगलखोर होती. तोंडात बोळा कोंबलाय इथपासून विमान कुठं कुठं गेलं इथपर्यंत सगळं ती मुंबईला कळवी. साहेबांचा फोन आला: बोळा काढा. शिवाय ठरलेला मार्ग अकोल्याकडचा असताना विमान दर खेपेला अंजनगाव सुर्जीकडं का वळतं? पुन्हा वळलं तर नोकरी गेली समजा.

"ढग पाहाले जातो," एवढंच कादरभाई मला म्हणाले. मला ते पटलं. डुलक्या घेणाऱ्याला काहीही पटतं.

पुढच्या उड्डाणात मात्र माझी झोप उडाली होती. दर्यापूरच्या अलीकडं विमान उजवीकडं कललं आणि बोळ्यातून सुटलेल्या पेटीनं गळा काढला. मी अक्षरं वाचली: मार्ग सोडला.

"कादरभाई, नोकरी जाईन ना तुमची!"

"वाचू नको भाऊ. खाली पाह्य."

अंजनगावच्या एका गच्चीवर एक म्हातारी पांढरी ओढणी हलवत उभी होती. तोंड भलतीकडंच, आम्ही होतो त्याच्या उलट दिशेला.

"आपा आहे माही, थोरली बहीण. माय गेली तवापासून तिनंच वाढवलं मले. नजर गेली तिची. पण आवाज आला की गच्चीवर येते." पेटी टुंक-टुंक करतच होती. "आज नाही आलो, त तिले वाटंन, पोरगा पडला कुठंतरी."

बोलता बोलता त्यांनी विमानाचा पंख झुकवून सलाम केला.

"तिले दिसत नाही, मंग पंख कायले हलवता?"

"मले दिसते ना," कादरभाई म्हणाले.

मी उगाच खिडकीतून ढग शोधत बसलो.

उतरलो तेव्हा मुंबईचा फोन वाजतच होता. कादरभाई पहिल्यांदाच एका वाजणाऱ्या वस्तूपुढं गप्प उभे राहिले. फोन मीच उचलला.

"पेटीनं चकवलं साहेब," मी म्हणालो. "कशासाठी वाजते तेच समजत नाही. आधी उपग्रह म्हणते, मग डोंगर म्हणते. ढगाच्या मागं गेलो अन् भलतीकडंच पोहोचलो."

साहेबांनी पेटी बनवणाऱ्याला चार शिव्या हासडल्या आणि पेटी बदलून पाठवतो म्हणाले. कादरभाईंच्या नोकरीचा विषयच निघाला नाही.

मी फोन ठेवला. कादरभाई विमानात चढले आणि पेटीवरची धूळ रुमालानं पुसू लागले.

"बिचारी," ते म्हणाले. "पयल्यांदाच खरं बोलली होती ना भाऊ."